कासवाला वर्गात बसू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग घेते. मागणी एकच आहे. या दोन इयत्तांना रोज पंधरा मिनिटं नुसती कविता म्हणायला द्या, आणि त्यावर प्रश्नोत्तरं घ्यायची नाहीत हे परिपत्रकातच लिहा.

प्राण्यांच्या शाळेवर मी मुलांसाठी जमतील तशा ओळी रचते.

कासव आलं उशिरा जरा,
ससा म्हणाला, "इकडे सरा!"

हे ऐकून, जूनपासून तोंड न उघडलेल्या एका मुलानं विचारलं, "बाई, कासवाला बाहेर उभं केलं का?" तो लांबच्या वस्तीवरून चालत येतो, बहुतेकदा परिपाठ संपल्यावर पोचतो. स्वतःबद्दल त्यानं हे कधीच विचारलं नसतं. मग सगळा वर्ग बोलायला लागला. कासवाला खिचडी उरली का? त्याचं दप्तर भिजलं तर? माकडानं त्याची पाटी घेतली तर बाईंना सांगायचं की नाही? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आहे, पण सहा वर्षांच्या पोराच्या पोटातली भीती कायद्याच्या कलमानं जात नाही. ती अशी कासवाच्या आडून बाहेर येते.

2024 मध्ये पहिलीच्या पुस्तकातल्या जंगलाच्या मैफलीच्या कवितेवरून केवढा गदारोळ झाला! त्यातल्या इंग्रजी-हिंदी शब्दांवर मोठी माणसं तावातावानं बोलली. शब्दांची चर्चा जरूर व्हावी. पण मुलं ती कविता कशी म्हणतात, हे बघायला आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. वर्गात कविता संपते न संपते तोच जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा सुरू होतं. निपुण भारत या वाचन-अंकज्ञानाच्या सरकारी अभियानाच्या चाचण्या आम्ही घेतोच. ही पंधरा मिनिटं तेवढी त्यातून सोडा.

बालभारती 1971 पासून 'किशोर' काढते. जुने अंक संकेतस्थळावर आहेत, पण रेंज नसलेल्या वाडीवर ते उघडणार कसे? त्यातल्या लहानग्यांना झेपतील अशा प्राण्यांच्या कविता निवडून, एका पानावर एक, ठळक अक्षरांत छापून द्या. नंदुरबारला भिली, गडचिरोलीला गोंडी, पालघरला वारली कविताही त्यात घ्या.

आणि कृपा करून याचे फोटो, लिंक, अहवाल मागवू नका. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी परिपत्रक निघावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
पहिली-दुसरीची एक शिक्षिका