माळ्यावरच्या चोपड्यांसाठी: एका दुकानदारकाकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपल्या दुकानाच्या माळ्यावरच्या जुन्या हिशेबाच्या चोपड्या आपण मला वाचायला दिल्यात, त्याबद्दल तोंडी आभार मानून माझे समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. लहान गावातल्या दुकानाचा इतिहास लिहायला बसले की साधनांपाशीच अडते, कारण सरकारी दप्तर कुठेतरी जपलेले असते, पण गल्ल्यामागच्या वह्या रद्दीत जातात किंवा वाळवीच्या तोंडी पडतात. आपल्या घरात त्या तीन पिढ्या लाल कापडात बांधून राहिल्या.

मला हवे होते ते १९५७ साल. त्या वर्षी १ एप्रिलला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आपल्या दुकानाचे हिशेबाचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होत असल्यामुळे हा बदल रोजमेळाच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, ऐन मध्यावर येतो. त्या तारखेला सगळी नोंद एकदम बदललेली असेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जुनी नाणीही चालू असल्याने आणे आणि नवे पैसे पानोपानी शेजारीशेजारी दिसले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैसा तर हातात देता येत नाही, म्हणून रूपांतराच्या कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे धरले होते. आण्या-आण्याची उधारी सुटी मांडली, तर चार वेळच्या खरेदीचे २४च पैसे होतात आणि दुकानदाराचा एक पैसा बुडतो; उलट तीन आण्यांच्या वस्तूला गिऱ्हाइकाकडून पाव पैसा जास्त घेतला जातो. आपल्या वडिलांनी किरकोळ उधारी पावली, म्हणजे चार आणे, पुरी होईपर्यंत आण्यांतच ठेवली आणि मगच तिचे २५ नवे पैसे करून खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, नेली, म्हणजे कोणाचेच काही बुडू नये. मी ही उशिराची नोंद चूक समजून बाजूला ठेवली होती. आपण शेजारी बसून एकेका खात्याची बेरीज करून दाखवलीत, तेव्हा मला त्या नोंदींमागचा माणूस दिसला.

आपल्या आजोबांच्या काळातली मोडी अक्षरे मला लागत नव्हती, तीही आपणच लावून दिलीत. रुपयाच्या आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा, हे मी पुस्तकात वाचले होते, पण घाईत ओढलेली तिसरी रेघ ओळखायला आपलीच नजर हवी होती.

वजनांच्या बदलाविषयी चोपड्यांत फारसे काही नाही. तिथे आपली आठवण कामी आली. मेट्रिक वजने १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल १९६२पासून सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोपेक्षा ६७ ग्रॅमने कमी. त्यामुळे ‘शेरभर द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला किलो तोलून दिला की दर वाढल्यासारखा वाटे, आणि तो फरक आपले वडील जुने व नवे वजन समोरासमोर पारड्यांत ठेवून प्रत्येकाला पटवून देत. ती दोन्ही वजने आपण काढून माझ्या हातात दिलीत. अच्छेर, नवटाक, छटाक हे शेराच्या लहान भागांचे शब्द आता क्वचितच कानावर येतात. ‘पावशेर’ मात्र २५० ग्रॅमचा अर्थ घेऊन अजून टिकला आहे.

दुकान उघडे ठेवून, गिऱ्हाइकांच्या मधूनमधून, आपण मला सलग अकरा दुपारी दिल्यात. एकदाही ‘आता पुरे’ म्हणाला नाहीत.

सर्व चोपड्या मोजून, त्याच क्रमाने आणि त्याच कापडात बांधून या पत्रासोबत परत पाठवीत आहे. माझ्या लेखाचा कच्चा मसुदाही जोडला आहे. ज्यांच्या उधाऱ्या राहिल्या त्यांची नावे, आपण सांगितल्याप्रमाणे, त्यात कुठेही आलेली नाहीत. मोडीचे वाचन जिथे चुकले असेल तिथे कृपया पेन्सिलीने खूण करावी. पाडव्याच्या आधी मी स्वतः येऊन तो मसुदा घेऊन जाईन.

आपली ऋणी,
जुन्या चोपड्यांची एक अभ्यासक