पत्त्यांचा घोळ निस्तरणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आभार फोनवरही मानता आले असते. पण तुम्ही जे समजावलंत ते ब्लॉग लिहिणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून हे जाहीर पत्र.

माझा एकच लेख कितीतरी वेबपत्त्यांवर उघडत होता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून, न लावता, शेवटी तिरपी रेघ असलेला, नसलेला, त्यात शेअर केलेल्या लिंकला यूटीएमचं, म्हणजे वाचक कुठून आला ते टिपणारं, शेपूट. 'डुप्लिकेट कंटेंट म्हणजे गूगलची शिक्षा' हे तर ज्याच्या त्याच्या तोंडी. तुम्ही आधी ती धास्ती घालवलीत. फसवायच्या हेतूनं नकला पेरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एरवी गूगल सारख्या पानांचा गट करतं आणि त्यातलं एक दाखवतं. ते कुठलं, हे आपण सांगायचं की त्याच्या मर्जीवर सोडायचं, एवढाच प्रश्न.

मग तुम्ही पानाचा सोर्स, म्हणजे आतला कोड, उघडून कॅनॉनिकल टॅग ('या पानाचा मुख्य पत्ता हा' असं सांगणारी ओळ) शोधलात, तर तो दोनदा! थीमनं (ब्लॉगच्या तयार साच्यानं) घातलेला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला, एसइओ प्लगिननं (शोधात लेख नीट दिसावा म्हणून जोडलेल्या पूरक प्रोग्रॅमनं) घातलेला त्याविना. असे दोन वेगवेगळे पत्ते दिसले की गूगल बहुधा दोन्हींकडे दुर्लक्ष करतं. २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून आणलेला हा टॅग मुळात हुकूम नाहीच, नुसती सूचना. म्हणून तुम्ही थीमचा टॅग काढायला लावलात, बाकीच्या पत्त्यांवरून ३०१ रिडायरेक्ट (येणाऱ्याला कायमचं मुख्य पत्त्याकडे वळवणं) लावलंत आणि साइटमॅप (गूगलला दिलेली पानांची यादी) व आतल्या लिंकाही त्याच एका पत्त्यावर आणल्यात. हे शेवटचं काम कंटाळवाणं होतं, पण खरा फरक त्यानंच पडला असं मला वाटतं.

मला इतरांकडून मिळालेला एक सल्ला होता, नको ती पानं रोबॉट्स फाइलमधून (बॉटनं, म्हणजे गूगलच्या पानं वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं, कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमधून) बंद करा. तुम्ही थेट नाही म्हणालात. घराला कुलूप लावायचं आणि निरोपाची चिठ्ठी आत ठेवायची, असला तो प्रकार! बॉटला पान वाचताच आलं नाही तर त्यातला कॅनॉनिकल किंवा नोइंडेक्स ('हे पान शोधात दाखवू नका' ही खूण) त्याला दिसणार कसा?

देवनागरी पत्त्यांचं गणित तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. ब्राउझरमध्ये मराठी दिसतं, पण आत प्रत्येक अक्षरचिन्हाची ९ चिन्हं होतात, काना-मात्रासुद्धा त्यात वेगळे मोजले जातात. वर्डप्रेसची स्लगची, म्हणजे पत्त्यातल्या लेखाच्या नावाची, मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे जेमतेम २२ अक्षरचिन्हं. लांब शीर्षकांचे पत्ते अर्ध्यावर का तुटतात ते तेव्हा कळलं. आता स्लग दोन-तीन शब्दांचा ठेवते. जुने पत्ते मात्र, तुम्ही बजावल्याप्रमाणे, तारखेसकट आहेत तसेच ठेवलेत; ते निव्वळ देखणे करण्यासाठी बदलायचे नाहीत.

एक कळवायचं राहिलं. माझे लेख पुन्हा छापणाऱ्या पोर्टलला तुम्ही सुचवल्याप्रमाणे नोइंडेक्स लावायची विनंती केली. कुरकुर केली, पण लावलं त्यांनी.

तुमची कृतज्ञ,
एक ब्लॉगलेखिका