पॅकमधला खेळाडू आणि टक्केवारीची लपवाछपवी

महोदय,

ऑनलाइन फुटबॉल, बास्केटबॉल किंवा क्रिकेटचे गेम खेळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: गेमनेच मला हरवलं. दहा फटके मारले, गोल एकही नाही. समोरच्याने एकदाच मारला आणि सामना घेऊन गेला. हा राग समजण्यासारखा आहे, पण तो बहुतेक वेळा भलतीकडेच निघतो आणि कंपन्यांना जिथे जाब विचारायला हवा ती जागा सुटून जाते. ती जागा म्हणजे विकतचे पॅक: आपल्या संघासाठी खेळाडूंची कार्डं देणारी बंद पाकिटं, ज्यात कोणता खेळाडू निघेल हे नशिबावर असतं.

आधी त्या दहा फटक्यांचं पाहू. प्रत्येक फटक्यावर गोलाची शक्यता 10 टक्के धरली, तर दहाही वाया जाण्याची शक्यता जवळपास 35 टक्के निघते. शिवाय इंटरनेटचा दोष असतो. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये 100 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सहा फ्रेम; तेवढ्यात टॅकल चुकतो, बॅटचं टायमिंग जातं. पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) सतत 80 असेल तर हात त्याला सरावतो. 30 वरून 150 वर उड्या मारणाऱ्या पिंगला सरावता येत नाही. शक्य असेल तर वायफाय सोडून केबल लावावी, नाहीतर वायफायचाच 5 गिगाहर्ट्झचा बँड वापरावा. फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सामना संपेपर्यंत बंद ठेवावा. डाउनलोडचा वेग भरपूर असूनही गेम अडखळतो, तो पुष्कळदा अशा अपलोडमुळेच.

तरीही 'स्क्रिप्टिंग'चा, म्हणजे सामन्याचा निकाल गेमच गुपचूप फिरवतो असा, संशय लोकांच्या मनातून जात नाही, आणि त्याला कारण आहे. खेळाडूला विकतच्या वस्तूंचा मोह पडेल अशा प्रतिस्पर्ध्यांशी त्याची जोडी लावण्याच्या पद्धतीचं पेटंट ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीला 2017 मध्ये मिळालं. ते कोणत्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. सामन्याची काठीण्यपातळी गुपचूप बदलली जाते, असा आरोप करणारा खटला फिफा हा फुटबॉलचा गेम काढणाऱ्या ईए कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात 2020 मध्ये दाखल झाला होता. कंपनीने तांत्रिक माहिती दाखवल्यावर फिर्यादींनी तो मागे घेतला. ही माहिती आधीपासूनच उघड असती तर खटल्याची वेळच आली नसती.

खरी फसगत होते ती पॅकमध्ये. एखादं कार्ड निघण्याची शक्यता 1 टक्का असेल, तर 100 पॅक उघडल्यावर ते मिळणारच असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात 100 पॅकनंतरही 37 टक्के लोक रिकाम्या हाताने परततात, आणि 95 टक्के खात्री हवी असेल तर सुमारे 300 पॅक लागतात. मागचे पॅक वाया गेले म्हणून पुढच्याची शक्यता वाढत नाही. ठराविक पॅकनंतर हमखास कार्ड देण्याचा नियम लिहिलेला असेल तरच गोष्ट वेगळी.

त्याहून वाईट म्हणजे छापलेली टक्केवारी बहुधा गटाची असते. '86 किंवा त्यावरच्या रेटिंगचा खेळाडू: 4 टक्के' असं लिहिलेलं असतं, पण त्या गटातले बहुतेक खेळाडू कुणाला नको असलेले 86 चेच निघतात. जाहिरातीत झळकणाऱ्या खेळाडूसमोर फक्त '1 टक्क्यापेक्षा कमी' असा शेरा. आता हे 'कमी' म्हणजे 0.9 टक्के असेल, तर तो खेळाडू मिळण्याची शक्यता 50 टक्क्यांवर जायला 77 पॅक पुरतात, 0.01 टक्के असेल तर जवळपास 7000 लागतात. शेरा दोन्हीकडे तोच! ही माहिती नव्हे, माहिती दिल्याचा देखावा आहे.

किंमतही सरळ कळू देत नाहीत. पैसे देऊन पॉइंट घ्यायचे, पॉइंट देऊन पॅक. पॉइंट 500 च्या गठ्ठ्यात आणि पॅक 350 चा, मग उरलेल्या 150 चं काहीच येत नाही म्हणून पुन्हा गठ्ठा घ्यायचा. दरवर्षी नवी आवृत्ती निघणाऱ्या गेममध्ये तर जुना संघ सहसा पुढच्या आवृत्तीत नेताही येत नाही.

चीनने 2017 मध्ये टक्केवारी जाहीर करणं सक्तीचं केलं. त्याच वर्षअखेरीस ॲपलनेही आपल्या ॲप स्टोअरसाठी तसा नियम केला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये असे विकतचे पॅक जुगार ठरवले आणि 2019 च्या जानेवारीत ईएने तिथे फिफा पॉइंट (त्या गेममधले पॅक घ्यायचे पॉइंट) विकणं थांबवलं. नेदरलँड्समध्ये मात्र त्याच कंपनीला झालेला 1 कोटी युरोंचा दंड 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला. कायद्याचं एकमत नाही, म्हणून नुसती टक्केवारी छापा एवढ्यावर समाधान मानणं पुरेसं नाही.

प्रत्येक कार्डाची शक्यता त्याच्या नावासमोर, दोन दशांश स्थळांपर्यंत छापली जावी. पॅकवर पॉइंटबरोबर खऱ्या चलनातली किंमत लिहावी. जे कार्ड पॅकमध्ये आहे ते ठरलेल्या किमतीला थेट विकत घेण्याचीही सोय असावी. आणि सामना संपल्यावर दोन्ही खेळाडूंचा पिंग, इंटरनेटवर वाटेत हरवलेली माहितीची पॅकेट आणि जोडी कोणत्या निकषावर लावली हे पडद्यावर दिसावं. पिंगची नोंद सर्व्हरकडे असतेच. ती दाखवायला वेगळा खर्च येत नाही.

– एक वाचक