कॅप्टन लक्ष्मींच्या नावाने मुलींची अभ्यासिका : हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. मुली वह्या आवरतात, बाटल्या भरून घेतात आणि निघतात. मुलगे रात्री अकरापर्यंत बसतात. मुलींना कुणी जा म्हणत नाही. पण खोली एकच, स्वच्छतागृह एकच, तेही जिन्यामागे अंधारात, आणि रात्री थांबायला एकही बाई नाही. अशा जागी मुलीला नऊपर्यंत बसू द्या, असं आम्ही तरी तिच्या आईवडिलांना कोणत्या तोंडाने सांगणार? रोजचे चार तास म्हणजे महिन्याचे शंभरावर तास. तेवढे तास मुलांना मिळतात, मुलींना मिळत नाहीत.

यंदा एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, प्रवेश परीक्षेला बसणारी बारावीची एक मुलगी निघता निघता ग्रंथपाल बाईंना म्हणाली, "मॅडम, हे गणिताचं पुस्तक रात्रीपुरतं नेऊ का? सकाळी उघडायच्या आत आणून देते." पुस्तक संदर्भ विभागातलं होतं, ते घरी द्यायचा नियम नाही. बाईंनी दिलं. सकाळी साडेआठला मुलगी पायरीवर बसलेली होती, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

त्याच आठवड्यात कार्यकारी मंडळाची बैठक झाली आणि वरच्या मजल्यावरचा बंद पडलेला हॉल मुलींच्या अभ्यासिकेसाठी द्यायचं ठरलं. चाळीस जागा, रात्री दहापर्यंत. नाव ठरलं कॅप्टन लक्ष्मी सहगल अभ्यासिका, आझाद हिंद सेनेच्या महिला पलटणीच्या प्रमुखांवरून.

नावावर चर्चा बरीच झाली. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं होतं की कॅप्टन लक्ष्मींचा अर्धपुतळा करून दर्शनी भागात बसवावा, अभ्यासिकेचं नंतर बघू. त्यांची भावना खरी होती. पण २३ जुलै २०१२ रोजी कानपूरमध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. वयाच्या ९७ व्या वर्षी गेलेल्या या बाईने आपला देहसुद्धा विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी दिला. मग त्यांचं स्मारक शिकायच्या जागेतच असावं, असं दुसऱ्या एका सभासद ताई म्हणाल्या, आणि पुढे कुणी वाद घातला नाही.

आपल्यातल्या अनेकांना कॅप्टन लक्ष्मी हे नाव ऐकून माहीत असतं, फोटोही डोळ्यांसमोर येतो, पण त्यांनी नेमकं काय केलं ते शाळेत फारसं सांगितलेलं नसतं. म्हणून थोडं इथे सांगतो.

२४ ऑक्टोबर १९१४ ला मद्रासमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित वकील. आई अम्मू स्वामिनाथन पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या. लक्ष्मी मद्रास मेडिकल कॉलेजातून १९३८ मध्ये एमबीबीएस झाल्या, १९४० मध्ये सिंगापूरला गेल्या आणि तिथे मुख्यतः गरीब भारतीय मजुरांच्या बायकांवर उपचार करू लागल्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस तिथे पोचले आणि बायकांची लढाऊ पलटण उभारायची म्हणाले. शुश्रूषेसाठी बायका फौजेत घेणं नवं नव्हतं. नेताजींना बायकांच्या हाती रायफल हवी होती.

काही दिवसांतच बायकांच्या सभेत नेताजींना मानवंदना द्यायची ठरली. डॉक्टर लक्ष्मींनी घरोघर जाऊन जेमतेम वीसेक जणी गोळा केल्या आणि घाईघाईने कवायत बसवली. गणवेश कुठून येणार? साडी नेसून, जड .३०३ रायफली उचलून त्या उभ्या राहिल्या. ज्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नव्हती, त्या बायकांनी शस्त्र सलामी दिली. त्यानंतर नेताजींशी बराच वेळ बोलणं झालं आणि लक्ष्मींनी दवाखाना सोडून पलटणीचं नेतृत्व स्वीकारलं. २१ ऑक्टोबर १९४३ ला आझाद हिंद सरकार जाहीर झालं, त्यात महिला खात्याच्या मंत्री त्याच, आणि मंत्रिमंडळात एकट्या बाई. दुसऱ्याच दिवशी सिंगापुरात रेजिमेंटची छावणी सुरू झाली.

रेजिमेंटचं नाव राणी झाशी. आमच्या मते या गोष्टीतला मराठी माणसाचा ऊर भरून यावा असा भाग हाच आहे. तांब्यांच्या घरची मनू, झाशीची राणी, १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली. पंच्याऐंशी वर्षांनी तिच्या नावाखाली मलायातल्या रबराच्या मळ्यांतल्या तमिळ मुली भरती झाल्या. त्यातल्या कित्येकींनी भारत पाहिलाही नव्हता. राणी कोणती भाषा बोलायची, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. केस कापून, खाकी घालून त्या पहाटे कवायतीला उभ्या राहायच्या, रायफल आणि संगीन चालवायला शिकायच्या, नकाशे वाचायच्या. कुआलालंपूरच्या सभेत अंगावरचे दागिने उतरवून देणारी जानकी थेवर ही तरुण मुलगी पुढे याच रेजिमेंटची अधिकारी झाली.

युद्धाचा शेवट काय झाला ते आपण जाणतो. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात माघार घ्यावी लागली. लक्ष्मी इंग्रजांच्या हाती लागल्या आणि १९४६ च्या मार्चमध्ये त्यांना भारतात आणलं गेलं. त्यांना लेफ्टनंट कर्नलचा हुद्दाही मिळाला होता, पण लोकांच्या तोंडी त्या कायम कॅप्टन लक्ष्मीच राहिल्या.

पुढची पासष्ट वर्षं कानपूर. १९४७ मध्ये प्रेमकुमार सहगल यांच्याशी लग्न झालं. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या गाजलेल्या खटल्यातल्या तीन अधिकाऱ्यांपैकी ते एक. कानपुरात फाळणीचे निर्वासित येत होते, त्यांच्यासाठी दवाखाना सुरू झाला. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत त्या काम करत होत्या, १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर वैद्यकीय पथक घेऊन गेल्या, आणि त्याच वर्षी कानपुरात शिखांवर हल्ले होऊ लागले तेव्हा जमावासमोर उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २००२ मध्ये, ८७ व्या वर्षी, राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. नव्वदी ओलांडल्यावरही सकाळी दवाखान्यात पेशंट तपासायच्या. त्यांची डाव्या पक्षाची बांधिलकी कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. आमच्या मंडळातही सगळ्या विचारांचे लोक आहेत आणि या नावावर सगळे एक झाले.

एक गोष्ट आमच्या डॉक्टर सभासद ताईंनी लक्षात आणून दिली. आपल्याकडे सैन्यात सर्वोच्च हुद्द्यांपर्यंत आधी पोचल्या त्या डॉक्टर बायका. २००४ मध्ये पुनीता अरोरा लेफ्टनंट जनरल झाल्या, देशातल्या पहिल्या. २०२० मध्ये माधुरी कानिटकर त्याच हुद्द्यावर पोचल्या. दोघीही पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. कॅप्टन लक्ष्मीही स्टेथोस्कोप घेऊनच छावणीत शिरल्या होत्या. बाकीची दारं फार उशिरा उघडली. सेनादलातल्या बायकांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी म्हणून नोकरी, आणि तुकडीचं नेतृत्व मिळावं यासाठी १७ फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. एनडीएची परीक्षा मुलींना २०२१ मध्ये खुली झाली. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या मैदानावरून संचलन करत बाहेर पडल्या. म्हणजे आज बारावीत असलेली मुलगी ही वाट धरणाऱ्या अगदी पहिल्या काही मुलींपैकी आहे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे संधी मोजक्याच. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यातले ३०० गणिताचे, आणि पुढे पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत. हा अभ्यास सातला उठून जाऊन होत नाही.

आता पैशांचं. एकूण खर्च ५,८६,००० रुपये धरला आहे. सर्वात आधी हवीत ती दोन स्वच्छतागृहं, वरच्याच मजल्यावर, आतून कडी असलेली आणि पाणी चोवीस तास असलेली. त्यांना १,४०,००० रुपये लागतील, आणि ती झाल्याशिवाय आम्ही हॉल उघडणार नाही. एका जागेचं टेबल, खुर्ची आणि छोटा कप्पा मिळून ४,५०० रुपये, अशा चाळीस जागा. रात्री दहापर्यंत थांबणाऱ्या सेविका ताईंचं मानधन महिना ८,००० रुपये, ते पहिल्या वर्षाचं आधीच बाजूला ठेवायचं आहे. बाकी वायरिंग, पंखे, इन्व्हर्टर, जिन्यातले दिवे, कॅमेरे आणि एका भिंतीवर कॅप्टन लक्ष्मींचं चित्रमय चरित्र. सभासदांकडून १,९०,००० रुपये जमले आहेत. ३,९६,००० रुपये कमी पडतात.

तुम्ही एक जागा देऊ शकलात तर फार बरं. पण पन्नास रुपयांचीही पावती फाडली जाईल आणि नाव देणगीदारांच्या त्याच वहीत लिहिलं जाईल. संस्थेची ८०जी नोंदणी आहे. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्यांना सवलत मिळते, मात्र २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, तेव्हा मोठी रक्कम कृपया धनादेशाने किंवा बँकेतून द्या. जमा-खर्चाचा तक्ता दर महिन्याच्या एक तारखेला सूचनाफलकावर लागेल.

पैशांखेरीजही बरंच हवं आहे. तालुक्यातले निवृत्त जवान आणि अधिकारी यांनी महिन्यातून एक रविवार मुलींना द्यावा : धावण्याची तयारी, गटचर्चा, एसएसबीच्या मैदानी चाचण्या म्हणजे काय ते समजावून सांगणं. गणिताच्या शिक्षकांनी आठवड्याचा एक तास द्यावा. कुणाच्या घरी आझाद हिंद सेनेशी संबंधित पत्रं, कात्रणं, फोटो असतील तर स्कॅन करून लगेच परत करू, मूळ कागद ठेवून घेणार नाही.

आणि एक विनंती खास आयांना आणि आज्यांना. सेविका ताई एकट्या पडू नयेत म्हणून रोज रात्री आठ ते दहा एक जण वर बसायला हवी. विणकाम घेऊन या, वर्तमानपत्र घेऊन या, नुसत्या बसा. पंधरा जणी मिळाल्या तर महिन्यातून दोनच रात्री वाट्याला येतील. आतापर्यंत सहा नावं आली आहेत.

२४ ऑक्टोबरला, कॅप्टन लक्ष्मींच्या जयंतीला, हॉल उघडायचा आहे. देणगी आणि नावनोंदणी वाचनालयाच्या खिडकीवर सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी पाच ते आठ. सोमवारी बंद.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ व महिला विभाग