ॲप बनवणाऱ्यांना एकदा सात हजारांचा फोन वापरायला द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नव्या मोबाईलची माहिती येते ती मी न चुकता वाचतो, घ्यायचा नसला तरी वाचतो, पण परवा एका फोनला 'खिशाला परवडणारा' म्हटलेलं आणि खाली किंमत बघितली तर २८ हजार. कुणाच्या खिशाला ओ? माझी मंगळवार पेठेत पिठाची गिरणी आहे, दळणातनं जे सुटतं त्यात घर चालतं, लाईटबिल भागतं आणि उरलं तर उरलं. माझ्याकडचा फोन ६,९९९ चा आहे, दोन वर्षांपूर्वी राजारामपुरीतनं घेतलेला, आणि दळणाला येणाऱ्या बायकांच्या हातात बघितलं तर बहुतेक असलेच फोन दिसतात, पण असल्या फोनबद्दल कोण कायच लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं, छापा न छापा तुमची मर्जी.

आधी सांगतो, फोन वाईट नाही. दिवसभर पीठ खातो, तीनदा डब्यावरनं खाली पडला, काच तडकली पण चालू आहे. बॅटरी ५,००० एमएएच, मी काय गेम खेळत नाही त्यामुळं दीड-दोन दिवस आरामात जाते, फक्त सोबत दिलेला चार्जर १० वॅटचा म्हणून पूर्ण भरायला तीन तास घेतो, तर रात्री लावायचा आणि झोपायचं, विषय संपला. मध्ये एकदा चार्जिंगच घेईना. स्टँडजवळ एक रिपेअरीवालं पोरगं बसतं त्याच्याकडं नेला, त्यानं लाकडी काडीनं भोकातनं पिठाची एक गोळीच बाहेर काढली आणि म्हणालं, मामा, हा फोन आहे का कणकेचा डबा? पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला.

आता खोक्यावर काय लिहिलेलं ते ऐका. '८ जीबी रॅम', हे एवढ्या मोठ्या अक्षरात, शेजारी एक चांदणी, आणि खोकं उलटं करून बघितलं की तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ४ + ४. रॅम म्हणजे उघडलेली कामं फोन जिथं हाताशी ठेवतो ती जागा, ती खरी चारच, बाकीची चार स्टोरेजमधनं, म्हणजे फोटो-ॲपं साठवायच्या जागेतनं, उसनी घेतलेली. मला हे आधी कळलंच नव्हतं, भाच्यानं सांगितलं तेव्हा गिरणीच्या हिशोबात समजलं. चक्कीजवळ चारच डबे ठेवायला जागा आहे आणि गिऱ्हाईक आठ आहेत, तर उरलेले चार डबे माळ्यावर ठेवायचे आणि नंबर आला की शिडी लावून खाली आणायचे. डबे आठ आहेत हे खोटं नाही, पण शिडी चढण्यात जो वेळ जातो तो कोण सांगणार? त्यात स्वस्त फोनमधली स्टोरेजची चिप पण हळू असते, ईएमएमसी म्हणतात तसली, महाग फोनमध्ये यूएफएस असते ती लई पळते. म्हणजे शिडी पण मोडकी. दुकानदारानं मला ह्यातलं काय सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी मी हाच घेतला असता कारण खिशात तेवढेच होते, पण निदान माहीत असतं.

६४ जीबीचं पण तसंच, पहिल्यांदा चालू केला तेव्हाच १८ जीबी गेलेले, मी एक फोटो पण काढला नव्हता. न मागितलेली ॲपं भरलेली, त्यातली काही निघतात काही निघतच नाहीत, आणि लॉक उघडायच्या आधीच स्क्रीनवर कुणाची तरी जाहिरात. उरलेली जागा नातेवाईकांच्या शुभ सकाळनं भरते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचं बंद करता येतं, ते मी केलं तेव्हापासनं वाईच श्वास घेतोय फोन.

हे सगळं चालवून घेतो आपण. पण खरं दुखणं वेगळं आहे आणि त्यासाठीच हे पत्र.

मागं घरच्यांच्या एका योजनेची केवायसी करायची होती. बाहेर करून द्यायचे शंभर रुपये घेत होते, म्हटलं फोन आहे की हातात, कशाला शंभर घालवायचे. वेबसाईट उघडली, आधार नंबर टाकला, ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाकली, ओटीपी मागवला. ओटीपी आला. मेसेज उघडला, सहा आकडे तोंडात घोळवत परत वेबसाईटवर आलो तर पान पहिल्यापासनं! आधार नंबर नाही, अक्षरं नाहीत, सगळं कोरं. परत भरलं, परत ओटीपी, परत कोरं. मला वाटलं माझंच बोट कुठंतरी चुकतंय म्हणून चष्मा पुसून परत बसलो, पाचव्या वेळी वेबसाईटच म्हणाली लई वेळा मागवलासा, आता नंतर या. बायको म्हणाली, अहो तुम्ही आपलं दळण दळा, मी देते शंभर रुपये.

भाच्यानं नंतर सांगितलं ते असं. रॅम कमी पडली की फोन समोर जे उघडलंय तेवढं ठेवतो आणि मागचं बंद करून टाकतो. मेसेज उघडला की मागं वेबसाईट गेली, परत आलं की ती नव्यानं उघडते आणि भरलेलं सगळं गायब. उपाय काय तर मेसेज उघडायचाच नाही, स्क्रीन वरनं खाली ओढायची आणि त्या पट्टीतच आकडे वाचायचे, वेबसाईट सोडून हलायचं नाही. दुसऱ्यांदा तसं केलं आणि एका झटक्यात झालं. मला सांगा, ही युक्ती किती जणांना माहीत असणार? ज्यानं ती वेबसाईट बनवली त्याच्या हातात १२ जीबी रॅमचा फोन असणार, त्याला हे कधी दिसलंच नसणार, त्यामुळं त्याच्या लेखी अडचणच नाही. भरलेली माहिती पान परत उघडलं तरी राहावी एवढी सोय करायला काय अवघड नसतं म्हणे. पण सुचायला तर पाहिजे.

दुसरं, गावाकडं पन्हाळा तालुक्यात आमचं थोडं रान आहे, ऊसच असतो. पूर्वी पीक पाहणी तलाठी लिहायचे, १५ ऑगस्ट २०२१ पासनं राज्यात ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून फोनवरनं पिकाची नोंद करायची आणि फोटो काढायचा. कल्पना चांगलीच आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही, कुणाच्या पाया पडायला नको. पण आमच्या असल्या फोनचं जीपीएस म्हणजे म्हाताऱ्या बैलासारखं, उठायलाच दहा मिनिटं, आणि रानात रेंज नसली की अजून वेळ, कारण सॅटेलाईट कुठं आहेत ती माहिती नेटवरनं मिळाली तर लवकर सापडतात, नाहीतर फोन आपला आपण शोधत बसतो. उसात उभा राहिलो तर नाहीच. बांधावर, उघड्यावर, फोन हातात धरून देवाला नैवेद्य दाखवल्यासारखा उभा. बरं असल्या बऱ्याच फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सरच नसतो, त्यामुळं मॅपवर आपलं तोंड कुठं आहे ते फोनला कळत नाही, चार पावलं चालून बघायचं आणि बाण कुठं सरकतो त्यावरनं ठरवायचं. शेजारच्या आण्णांचा तरणा पोरगा महाग फोन घेऊन आला, दोन मिनिटांत नोंद करून गेला. रान तसलंच, ऊस तसलाच.

आणि हे काय माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. २०२१ साली राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते, आठवत असेल. २ जीबी रॅमचे फोन, त्यावर पोषणाची सगळी माहिती भरायची, फोन तापायचा, अडकायचा, ॲप इंग्रजीत. आमच्या गल्लीतली एक सेविका तेव्हा गिरणीत येऊन सांगायची, पोरांना खाऊ वाटायचा का ह्याला फुंकर घालत बसायचं. तेव्हा लोकं म्हणाली बायकांना मोबाईल जमत नाही. फोनला ॲप जमत नव्हतं, बायकांना काय नाही जमत?

बँकेच्या ॲपचं पण तेच, अपडेट केल्याशिवाय उघडत नाही आणि अपडेटला जागा नाही, मग नातवाचा व्हिडिओ उडवायचा. पैसे आले का बघायला ॲप उघडेपर्यंत बाई डबा घेऊन निघून गेलेली असते, मी विश्वासावर सोडतो, आपल्याच पेठेतली माणसं आहेत.

जाता जाता टॅक्सचं बोलतो. १ एप्रिल २०२० ला मोबाईलवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला. म्हणजे माझ्या ६,९९९ मधले १,०६७ रुपये टॅक्सचे. दीड लाखाच्या फोनला पण १८ च टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी केला तेव्हा ३२ इंचावरच्या टीव्हीचा २८ चा १८ झाला, मोबाईल होता तिथंच राहिला. मोठ्या टीव्हीशिवाय कुणाचं काम अडतं ते मला माहीत नाही, फोनशिवाय मात्र माझा आधार हलत नाही, सात-बारा हलत नाही आणि गॅसचा नंबर पण लागत नाही. दहा हजाराच्या आतल्या फोनला तरी वेगळा दर ठेवायला काय हरकत होती?

तर माझं म्हणणं एवढंच की सरकारी ॲप असो नाहीतर बँकेचं, लोकांवर सोडायच्या आधी ते सात हजारांच्या, दोन वर्षं वापरलेल्या, जागा भरत आलेल्या फोनवर चालवून बघावं. नवा कोरा फोन नको, वापरलेलाच. नसेल तर माझा देतो, दोन दिवस घेऊन जावा, पीठ तेवढं झटकून घ्या. आणि तुम्ही पण मोबाईलच्या माहितीत अधनंमधनं एखादा आमच्यातला फोन घ्या, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते नका सांगू, आम्हाला ओटीपी बघून परत आल्यावर पान जागेवर राहतं का तेवढं सांगा.

आपला,
एक गिरणीवाला
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. हे पत्र त्याच फोनवर बोलून टाईप केलंय, चक्की चालू असली की फोनला माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून लाईट गेल्यावर थोडं थोडं करत चार दिवसांत झालं, मध्ये एकदा फोन आला तेव्हा अर्धं उडालं ते परत बोललो. शब्द चुकले असतील तर सुधारून घ्या. आणि पत्रासोबत फोटो मागू नका, स्टोरेज फुल्ल आहे.