राज्याच्या टेंडरांचा शब्द देण्याआधी विधानसभेला विचारा

महोदय,
भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व बनवतो. टेंडरला उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) जोडलं की ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम, माफ होते, ते पैसे अडकले नाहीत की पोरांचे पगार वेळेवर होतात, म्हणून २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी व्यापार करार झाला तेव्हा मी आधी सरकारी खरेदीचाच भाग शोधला. केंद्राची बरीच टेंडरं ब्रिटिश कंपन्यांना खुली झालीत, राज्यं आणि महापालिका बाहेर आहेत. पण पुढच्या एखाद्या करारात त्यांना आत घेतलं तर आमच्या आमदारांना कोण विचारणार? करारावर सही करायला संसदेची मंजुरीसुद्धा लागत नाही, आणि राज्यघटनेच्या कलम २५३ खाली करारासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते.

अमेरिकेत डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) सरकारी खरेदी करारात ३७ राज्यं आली ती गव्हर्नरांच्या, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या राज्यप्रमुखांच्या, होकारावर, मग मेरीलँडने २००५ मध्ये कायदाच केला की विधिमंडळाच्या संमतीशिवाय गव्हर्नरने राज्याला असं बांधून घ्यायचं नाही. आपल्या विधानसभेने निदान तसा ठराव तरी येत्या अधिवेशनात करावा, ही कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, भोसरी