कोकण रेल्वेचं विलीनीकरण: मधल्या काळाचं काय?

मा. केंद्रीय रेल्वेमंत्री, भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. नाव 'कोकण रेल्वे'च राहावं, अशी अट घातली. माझा विलीनीकरणाला विरोध नाही. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी थांबून राहिलेल्या गाड्या आम्ही रोज पाहतो आणि दुहेरीकरणाचा खर्च महामंडळाला झेपणारा नाही, हे रत्नागिरीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काळजी वाटते ती हे विलीनीकरण कसं होणार याची.

संस्थांमधल्या बदलांचं नियोजन हा माझा शिकवण्याचा विषय आहे. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये बदलाचे तीन टप्पे मांडले: जुनी घडी सैल करायची, बदल करायचा, नवी घडी बसू द्यायची. जोर लावून ढकलण्यापेक्षा आधी लोकांना अडवून धरणारी कारणं दूर करा, हेही त्यांनीच सांगितलं. सरकारी खात्यांत बहुतेकदा मधलाच टप्पा होतो. आदेश निघतो, तारीख ठरते, पाटी बदलते. पुढे याच विषयावर लिहिणारे विल्यम ब्रिजेस यांनी या मधल्या काळावरच बोट ठेवलं. बदल एका तारखेला होतो, माणसं मात्र जुनं सुटलेलं आणि नवं अंगवळणी न पडलेलं अशा अवस्थेत बरेच महिने असतात. कुणाला विचारायचं, कुणाला कळवायचं, कुणाचा शब्द शेवटचा, हेच त्या दिवसांत पक्कं नसतं.

एखाद्या कार्यालयात त्यामुळे फायली रखडतील. आमच्याकडे दरड कोसळते.

पावसाळ्यात इथला ट्रॅकमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा कर्मचारी, रात्री टॉर्च, झेंड्या आणि धोका असल्यास गाडी थांबवायला रुळावर ठेवायचे फटाके घेऊन आपल्या हद्दीत गस्त घालतो. कटिंगखाली, म्हणजे मार्गासाठी कापलेल्या डोंगराच्या कड्याखाली, उभा राहून तो वरच्या गटाराचं पाणी बघतो. काल नितळ येणारं पाणी आज लाल, गढूळ यायला लागलं, तर वरची माती सुटतेय हे त्याला कळतं. कुठल्या वळणावर जांभ्याखालची माती आधी सरकते, कुठला ओहोळ जुलैत वाट बदलतो, हे सगळं नियमपुस्तकात सापडत नाही. ते ठरावीक माणसांना ठाऊक असतं आणि त्यांतली कित्येक निवृत्तीला आली आहेत. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून ५०हून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर पावसाळी वेगमर्यादा, कड्यांचे उतार कमी करणं, कडक गस्त अशी या मार्गाची शिस्त बसत गेली. ही घडी मोडायची नाही, जशीच्या तशी पुढे न्यायची आहे. विलीनीकरणात काय बदलणार याची यादी होईलच; काय बदलणार नाही याचीही यादी करा आणि तीत हे सगळ्यात वर असू द्या.

म्हणून विनंती आहे. हस्तांतरणाची तारीख जून ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत ठेवू नका. त्याआधी एक पूर्ण पावसाळा नव्या अधिकाऱ्यांना जुन्या ट्रॅकमन आणि निरीक्षकांबरोबर हद्दीत चालू द्या, आणि त्या माणसांना माहीत असलेलं किलोमीटरनिहाय लिहून घ्या. मार्गाचे तुकडे करून शेजारच्या झोनना वाटू नका. एकाच डोंगररांगेचा पाऊस तीन मुख्यालयांतून सांभाळता येणार नाही. कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता, बदल्या आणि घरं यांबद्दल लेखी उत्तर तारखेआधी द्या. रेल्वेसाठी जमिनी दिलेल्या घरांतली मुलं या नोकरीत आहेत. आपली बदली कुठल्या कुठे होईल या धास्तीत असलेल्या माणसाकडून रात्रीच्या गस्तीत पूर्ण लक्षाची अपेक्षा कशी करणार?

यातल्या प्रत्येक कामासाठी एक जबाबदार अधिकारी नेमा. त्याचं नाव आणि फोन नंबर बेलापूर, रत्नागिरी आणि कारवारच्या कार्यालयांत लावा, म्हणजे ट्रॅकमनला शंका आली तर विचारायला माणूस असेल.

आपली,
बदल-नियोजनाची एक प्रशिक्षक, रत्नागिरी